कणगीतली लग्नं

शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके उभे-आडवे पालथे घातले, तरी माझं डोकं फिरवण्याची हातोटी असलेलं माणूस एकच सापडेल, आणि माझ्या कर्मानं ते नेमकं आमच्या हिची थोरली बहीण निघालं. बाकीच्यांशी माझं भांडण होतं ते गिरणीच्या आवाजामुळे. खर्डीत माझी भाताची गिरणी आहे. तीस वर्षं त्या घरघरीवर ओरडून बोलायची सवय लागली, त्यामुळे मी 'बसा, चहा घ्या' म्हटलं तरी नवख्या माणसाला वाटतं, हा आपल्याला हाकलतोय. पण अक्काशी माझं भांडण खरंखुरं आहे, तत्त्वाचं आहे. तोंडावर मी तिला 'तुमी' म्हणतो, कारण ती नात्यानं मोठी आणि आमची ही शेजारीच उभी असते. लिहिताना मात्र 'ती'च म्हणणार. तेवढाच सूड.

अक्का मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावर वैशाखऱ्याला राहते. जन्मभर अंगणवाडीत मदतनीस होती. आता घरी असते आणि शुभेच्छांची कार्डं करते. बाळ जन्मलं, कार्ड. साठी झाली, कार्ड. कुणी ट्रॅक्टर घेतला, कार्ड. तिला कुणी सांगत नाही, विचारत नाही, ती आपली करते आणि बारशाला, पूजेला, जेवणाच्या पंगतीला जाऊन हातात ठेवते. अहो, शहापूरच्या बाजारात हवी तेवढी चकचकीत कार्डं मिळतात! मी एकदा भाच्याच्या मुलासाठी एक आणलंही होतं, उघडलं की गाणं वाजणारं. अक्कानं ते उघडलं, गाणं शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, "भावजी, हे वाजत ऱ्हायलं तर पोर झोपंल कवा?" आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यातला सेल काढून भिंतीवरच्या बंद घड्याळात घालून बघितला. बसला नाही, म्हणून मला म्हणते, "तुमच्या वस्तू अशाच, कशालाच लागत नाय." माझे पैसे, माझं कार्ड, आणि वर बोलणी मलाच!

तिच्या कार्डाचा नियम असा, की ज्याचं कार्ड त्याच्याच घरच्या वस्तूतून करायचं. ट्रॅक्टरच्या कार्डासाठी ती ट्रॅक्टरच्या सीटवरचं प्लॅस्टिक फाडून घेऊन आली. त्या बिचाऱ्यानं ते प्लॅस्टिक निदान दोन पावसाळे जपायचं ठरवलं होतं. तो अजून तिच्याकडे बघून मान फिरवतो, पण कार्ड त्यानं ट्रॅक्टरच्या पूजेच्या फोटोशेजारी लावलंय. बाळाच्या बाबतीत तर तिचा नियम लोखंडी आहे: बाळाचं कार्ड त्याच्या आईबापाच्या लग्नपत्रिकेतूनच निघालं पाहिजे. दुसरा कागद चालत नाही, मग तो सोन्याचा असो. आता आपल्याकडे पत्रिका कुणी टाकत नाही, वर गणपती असतो ना. टाकायची कुठं? चुलीत घालवत नाही, केरात घालवत नाही. मग त्या देव्हाऱ्यामागे, पत्र्याच्या वाशांत, दिवाणाखाली साठतात. अक्का त्या घरोघरून गोळा करते. लग्नाला गेली की जेवणाआधी यजमानाला गाठून विचारते, "एक कोरी पत्रिका हाय का रे जादा? पुढं लागंल." नवरानवरी अजून बोहल्यावर उभी, आणि ही बाई त्यांच्या बाळाच्या कार्डाची तजवीज करून मोकळी!

या पत्रिका ती ठेवते कुठे, तर भाताच्या कणगीत. भात आता सगळे पत्र्याच्या पिंपात भरतात, त्यामुळे घरातली बांबूची मोठी कणगी रिकामीच होती. त्या कणगीत आज दोन तालुक्यांतली लग्नं भरलेली आहेत. गावानुसार जुड्या, प्रत्येक जुडीला साडीच्या काठाची चिंधी, आणि जुडीतला क्रम मुलीच्या नावानं. मी एकदा म्हटलं, "अक्का, सगळं जग नवऱ्याच्या नावानं लावतं." तर म्हणते, "पोर काय नवऱ्याला होतंय?" मला राग आला तो आलाच.

आणि हिच्या गोळा करण्यापायी माझं काय झालं ते ऐका. ऐन सुगीत माझ्या गिरणीचा पट्टा तुटला. मेकॅनिकचा नंबर मी एका पत्रिकेच्या पाठीवर लिहून ठेवला होता, ती पत्रिका जागेवर नाही. बाहेर भाताच्या गोण्यांची रांग, लोक शिव्या घालतायत, मी घरातली भांडी आपटतोय, आणि आमची ही शांतपणे म्हणाली, "ती अक्का घेऊन गेली मंगळवारी." गिरणी चार दिवस बंद! मेकॅनिक शेवटी आपणहून आला आणि माझ्यावरच उखडला. म्हणाला, "शेठ, माझा नंबर तुमी कुणाला दिलात? किन्हवलीकडचा एक आजोबा रोज फोन करतो. पोर रडतंय, काय करू म्हणून विचारतो." झालं होतं असं, की अक्कानं त्या पत्रिकेचं कार्ड करताना पाठचा नंबर तसाच ठेवला, आणि त्या आजोबांना वाटलं, अंगणवाडीच्या बाईनं दिलाय म्हणजे डॉक्टरचाच असणार. मी अक्काला जाब विचारला. तिनं विचारलं, "मग मेकॅनिकनं काय सांगितलं?" मी म्हटलं, "पोटाला हिंग लावा म्हणाला." "बरोबर सांगितलं की," अक्का म्हणाली, आणि विषय संपला.

कार्ड करायची तिची पद्धत तर बघवत नाही. गोंद चालत नाही, खळच लागते, आणि खळ नव्या तांदळाच्या कणीची. ती कणी माझ्या गिरणीतली, निवडलेली, चाळलेली, आणि पोचती करायची मी. त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं लागत नाहीत. पत्रिकेवरच्या गणपतीला कात्री लावायची नाही. 'देवावर धार धरायची नाय' म्हणून बोट पाण्यात बुडवायचं, गणपतीच्या कडेकडेनं ओली रेघ फिरवायची, कागद मऊ झाला की हळूच सोडवून घ्यायचा. एका गणपतीला अर्धी सकाळ जाते. मग गणपती वर, त्याखाली आईबापाची नावं, आणि सगळ्यात खाली ती ओळ, जी प्रत्येक पत्रिकेत घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या नावानं असते: 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' त्यातला काका जातो, लग्न जातं, उरतं तेवढं 'यायचं हं!' ते ती बाळाच्या कार्डावर तळाला चिकटवते. बस्स. आणखी एक अक्षर नाही. पाळण्याला टांगलेलं ते कार्ड बघून बायका पदर तोंडाला लावतात. मी एकदा तोंड वळवून घेतलं होतं, पण ते उदबत्तीच्या धुरामुळे.

आता मूळ गोष्टीवर येतो, कारण तीच सांगायला मी बसलोय आणि मघापासून टाळतोय.

माझा मुलगा नितेश. तीन वर्षांपूर्वी त्यानं एक मुलगी पसंत केली. अश्विनी तिचं नाव, मुरबाडची. मुलगी आमच्यातली नव्हती. बाकी काही म्हणजे काही कारण नव्हतं. शिकलेली, नोकरी करणारी, बोलायला गोड. पण मी गिरणीवर, दहा गिऱ्हाइकांसमोर ओरडलो होतो, "माझ्या नावाची पत्रिका निघणार नाय!" गिरणी त्या वेळी बंद होती. ओरडायची गरजच नव्हती. नितेश गप निघून गेला आणि दोघांनी नोंदणी कार्यालयात लग्न केलं. त्यानंतर आमचं बोलणं बंद. आमची ही त्याला चोरून फोन करायची. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं.

गेल्या कार्तिकात अश्विनीला मुलगी झाली. ही माझ्यासमोर येऊन म्हणाली, "पुढच्या रविवारी बारसं हाय, मुरबाडला, तिच्या आईकडं. मी जाणार. नितेश म्हणाला, बाबांना यायचं असंल तर यावं." यायचं असेल तर! ही काय बोलवायची रीत झाली? मी संतापलो. म्हटलं, मी जाणार नाही. पण माझी पहिली नात, तिला काहीच नाही? मग मनात आलं, अक्काचं कार्ड जाऊ दे. मी नाही गेलो तरी माझ्याकडून कार्ड गेलं, म्हणजे तेही खाली नाहीत आणि मीही खाली नाही. एवढी तोडगा काढणारी बुद्धी मला असताना लोक मला हट्टी का म्हणतात, कळत नाही.

शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून वैशाखरे असा प्रवास करून, पायलीभर कणी घेऊन मी अक्काच्या दारात उभा राहिलो. तिनं पाणी दिलं, कणी हातावर घेऊन बघितली, आणि म्हणाली, "पत्रिका?"

"पत्रिका कसली? तुमच्या कणगीत एवढ्या हायत, घ्या त्यातली एक."

"दुसऱ्याची? भावजी, तुमच्या नातीला दुसऱ्याच्या लग्नातून काढू?"

"मग कोऱ्या कागदावर करा!"

"आजपर्यंत केलं नाय. मुरबाडची जुडी मी बघितली. 'अ' मध्ये अश्विनी चार हायत. आपली नाय." तिनं कणगीवरचं फडकं नीट केलं. "पत्रिका नाय तर कार्ड नाय. तुमीच म्हणालात ना, निघणार नाय म्हणून."

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. हट्टी, विक्षिप्त, कागद कुरतडणारी उंदरीण, सगळं म्हणून झालं. तिच्या अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. अक्का शांतपणे खळीसाठी कणी भिजत घालत होती. मी दमलो तेव्हा म्हणाली, "रविवारला आठ दिस हायत. शहापूरला छापखाना हाय."

लग्न होऊन गेल्यावर तीन वर्षांनी पत्रिका! येताना सगळ्या रस्त्याभर मी बसमध्ये एकटाच बडबडत होतो, शेजारचा माणूस उठून मागे जाऊन बसला. आणि शहापूरला उतरल्यावर पाय छापखान्याकडे वळले. मला विचारू नका कसे. छापखानेवाला पोरगेला, पण शिस्तीचा. म्हणाला, "शंभरच्या खाली नाय होणार, काका." म्हटलं, शंभर कर. त्यानं कागद ओढला. "आमचे येथे श्री कृपेकरून... बरं, वराचं नाव? वधूचं? मुहूर्त?"

मी भिंतीवर टांगलेल्या नमुन्याच्या पत्रिका बघू लागलो.

"काका, तारीख काय? वेळ?"

मला माहीत नव्हतं. माझ्या एकुलत्या एका मुलाच्या लग्नाची तारीख मला माहीत नव्हती. मी बाहेर येऊन हिला फोन लावला. ती म्हणाली, "मला ठाव हाय. पन मी सांगायची नाय. ज्याचं लगीन त्याला विचारा." अक्काला लावला. तीही तेच! दोघी बहिणींनी संगनमत केलं होतं, दुसरं काय? रागारागानं मी नितेशचा नंबर काढला. तीन वर्षांत एकदाही लावला नव्हता, पण काढून बघितला पुष्कळदा होता. त्यानं उचलला.

"मी बोलतोय," मी म्हणालो. रस्त्यावर गाड्यांचा आवाज होता, म्हणून जरा जोरातच.

"हां बाबा."

"तुझं लग्न किती तारखेला झालं? आणि टाइम सांग. छापखानेवाला खोळंबलाय."

त्यानं तारीख सांगितली. "सव्वाबारा वाजले होते. साहेबांच्या जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं."

"जेवलात का मग?"

"वडापाव खाल्ला. आम्ही दोघं नि तीन साक्षीदार."

मी फोन ठेवला. माझ्या मुलानं लग्नाच्या दिवशी वडापाव खाल्ला आणि मी गिरणीमालक! दोनशे पानांचं जेवण घातलं असतं मी, लाडू घातले असते. कुणावर चिडायचं तेच मला कळेना, म्हणून छापखानेवाल्यावर चिडलो. तो विचारत होता, "हळद कधी?" "नव्हती!" "विवाहस्थळ?" "नोंदणी कार्यालय, पहिला मजला!" "आणि काका, खाली लहान मुलांची ओळ टाकायची ना? काकाच्या, मामाच्या?" नितेशला ना भाऊ ना बहीण. आमच्या घरात लहान मूल एकच होतं, आठ दिवसांनी नाव ठेवायचं होतं तिचं. मी त्याला ओळ सांगितली. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता लिहून घेतली. गुणाचा पोरगा.

शुक्रवारी शंभर पत्रिकांचं पुडकं घेऊन मी पुन्हा वैशाखऱ्याला. अक्कानं पत्रिका उघडली, बोटानं ओळी चाचपत सावकाश वाचली, तळाशी माझं नाव, 'आपला नम्र' खाली, तिथं थोडी थांबली. मला वाटलं, आता बोलणार. तर पाण्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. "गणपती तुमीच काढा." मी म्हटलं, माझे हात गोण्या उचलणारे. म्हणाली, "बोट ओलं करा नि गप बसा." पहिल्या गणपतीचा कान गेला. दुसऱ्याचा उंदीर. तिसऱ्याला मी फार पाणी लावलं, तो विरघळल्यासारखाच झाला. ते तिन्ही तिनं नदीत सोडायला पानावर काढून ठेवले, हात जोडले, आणि चौथी पत्रिका पुढे केली. ऊन अंगणातून ओट्यावर आलं तेव्हा चौथा सबंध निघाला. एवढा वेळ मी तोंडातून शब्द काढला नाही. अशी वेळ माझ्यावर आजवर कुणी आणली नव्हती.

रविवारी मी बारशाला गेलो. कार्ड पोचवायला कुणीतरी लागतंच ना. नितेश दारातच उभा होता. वाळलाय. त्यानं वाकून नमस्कार केला, मी 'असू दे असू दे' म्हणालो, ते इतक्या जोरात की आतलं बाळ दचकून रडायला लागलं. तीच माझी आणि नातीची पहिली ओळख. अक्कानं कार्ड अश्विनीच्या हातात दिलं. वर कडा पिंजलेला गणपती, मधे दोघांची नावं, आणि खाली मी सांगितलेली ओळ. या एका कार्डावर मात्र अक्कानं तिचा नियम मोडून ओळ अख्खीच ठेवली होती: 'माझ्या आईबाबांच्या लग्नाला यायचं हं!'

पोरीनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मला वाटलं, आता ही रडणार, आणि बाईमाणूस रडलं की मला काही सुचत नाही. पण ती रडली नाही. तिनं विचारलं, "बाबा, ही पत्रिका आणखी आहे का हो? माझ्या आईला एक हवी होती. देवापुढे ठेवायला तिच्याकडे नव्हतीच."

पिशवीत पंच्याण्णव होत्या. चार गणपतींनी खाल्ल्या आणि एक अक्कानं कणगीत टाकली. "पुढच्याला लागंल," म्हणते. या बाईला लाज म्हणून नाही. मी त्यातली एक काढली, विहीणबाईंना दोन्ही हातांनी दिली. त्यांनी ती डोळ्यांना लावली. तीन वर्षं ती बाई थांबली होती, एका कागदासाठी.

उरलेल्या मी आता खर्डीत वाटतोय. घरोघर जातो, अक्षता ठेवतो, पत्रिका देतो. लोक तारीख बघतात, माझ्याकडे बघतात, आणि माझा स्वभाव माहीत असल्यामुळे काही बोलत नाहीत. परवा गिरणीमागच्या म्हाताऱ्या आत्याकडे गेलो. तिला वाचता येत नाही. पत्रिका उलटीसुलटी करत म्हणाली, "नितेशचं काय रे? कवा हाय?"

"झालं, आत्या. तीन वर्षं झाली."

"बरं झालं रे बाबा. चांगलं झालं का लगीन?"

मी आयुष्यात एवढ्या हळू आवाजात कधी बोललो नसेन. "मला ठाव नाय, आत्या. मी गेलो नव्हतो."

तिनं पत्रिका देव्हाऱ्यात गणपतीपुढे ठेवली, वर चार तांदूळ टाकले, आणि माझ्यासाठी चहा ठेवला.